फादर थॉमस स्टीफन्स : लोकांच्या बोलीतून बोलणारा धर्मगुरू



तिरोडा हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पश्चिमेला वैनगंगा, सभोवताली धानाची शेती आणि गावालगत नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग. या परिसरात एका दिवसात माणसाच्या कानावर किती भाषा पडतात ते पाहावे. कुणाच्या घरी पोवारी, कुणाच्या घरी झाडीबोली, पलीकडच्या टोलीवर गोंडी, रेल्वे स्थानकावर हिंदी आणि शाळेत मराठी. अशा गावी बदली होऊन येणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूपुढे पहिल्याच रविवारी एक प्रश्न उभा राहतो. लोकांशी बोलायचे ते कोणत्या भाषेत? पुस्तकातल्या की चुलीजवळच्या?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ मंदिराची इमारत, घंटा आणि नोंदवही नव्हे. श्रद्धा ज्या भाषेत सांगितली जाते, त्या भाषेत ती घरी बोलली जाईल की नाही, यावर धर्मग्रामाचे आयुष्य अवलंबून असते. हाच प्रश्न चारशेहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यातील साष्टी प्रांतात एका परदेशी धर्मगुरूपुढे उभा राहिला होता. त्यांनी त्याचे जे उत्तर दिले त्यातून मराठी वाङ्मयाला एक महाग्रंथ लाभला. ते धर्मगुरू म्हणजे येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे नाव आपण सारे जाणतो. पण ग्रंथकार म्हणून जाणतो. छोट्या गावांच्या धर्मग्रामांत आयुष्य वेचलेला मेंढपाळ म्हणून त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हाला वाटते.

इंग्लंड सोडले

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. थॉमस तरुण झाले तेव्हा राणी पहिली एलिझाबेथ गादीवर होती आणि कॅथोलिक श्रद्धा उघडपणे पाळणे तेथे दिवसेंदिवस कठीण होत चालले होते. मिस्सा चोरून, दारे लावून साजरी होई. थॉमस यांचा टॉमस पाउंड नावाचा एक मित्र होता. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा बेत केला. परंतु पाउंड पकडले गेले आणि तुरुंगात गेले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशूसंघाच्या नवदीक्षितगृहात प्रवेश केला.

ज्याला स्वतःच्या देशात श्रद्धेपायी लपावे लागले, त्याच्या मनात मिशनकार्याची ओढ निर्माण झाली यात नवल नाही. वरिष्ठांनी त्यांना हिंदुस्थानात पाठविण्याचे ठरविले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे गलबत निघाले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून साडेसहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढल्यावर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास उतरले. पुढच्याच महिन्यात त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहून प्रवासाची हकिकत कळविली. हे पत्र पुढे हॅक्लुट यांच्या प्रसिद्ध प्रवाससंग्रहात छापले गेले आणि इंग्लंडमधील अनेकांनी ते उत्सुकतेने वाचले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचा उल्लेख करतात. मात्र ते व्यापारासाठी आले नव्हते, राज्यासाठीही नव्हते. इंग्लंडचे दर्शन त्यांना पुन्हा कधी घडले नाही.

आपल्या देशबांधवांना मात्र ते विसरले नाहीत. १५८३ च्या अखेरीस न्यूबेरी, फिच, लीड्स आणि स्टोरी हे चार इंग्रज हेरगिरीच्या संशयावरून पकडून गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. ते स्टीफन्स यांच्या पंथाचे नव्हते. तरीही फादरांनी त्यांच्या जामिनासाठी खटपट केली आणि ते सुटले.

साष्टीची माती

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आमचे मुंबई-ठाण्याकडील वाचक साष्टी म्हटल्यावर आपल्या बेटाची आठवण करतील. ही साष्टी वेगळी, दक्षिण गोव्यातील. मडगाव, राचोल, बाणावली, कुंकळ्ळी ही गावे तिच्यात येतात. स्टीफन्स यांनी आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे येथेच काढली. कधी ते एखाद्या गावचे पॅरिश प्रिस्ट होते, तर कधी साष्टीतील येशूसंघाच्या कॉलेजचे रेक्टर.

ही भूमी शांत नव्हती. येशूसंघाचे धर्मगुरू साष्टीत १५६० पासून काम करू लागले होते. पण त्यांच्या मागे पोर्तुगीज सत्तेची तलवार उभी होती. १५६७ च्या सुमारास साष्टीतील शेकडो देवळे पाडण्यात आली. जुन्या धर्माचे ग्रंथ बाळगण्यास मनाई झाली, सणसमारंभांवर बंधने आली. काही लोकांनी मनापासून श्रद्धा स्वीकारली, काहींनी नाइलाजाने, तर काही घरदार सोडून परमुलखात गेले. आपल्या धर्मसभेच्या इतिहासातील हे पान आपण झाकून ठेवू नये. शुभवर्तमान आणि सक्ती एकाच गलबतातून आली, म्हणून ती दोन्ही एकच होती असे मात्र नव्हे. हा भेद स्वतःच्या आयुष्यातून दाखविण्याचे अवघड काम साष्टीतील चांगल्या धर्मगुरूंवर येऊन पडले.

जुलै १५८३ मध्ये या साऱ्याचा स्फोट झाला. धन्य रुडॉल्फ आक्वाविवा हे नुकतेच अकबर बादशहाच्या फत्तेपूर सिक्री येथील दरबारातून परतले होते आणि साष्टीच्या मिशनचे प्रमुख झाले होते. चर्चसाठी जागा पाहण्याकरिता ते चार येशूसंघीय सहकारी व काही ख्रिस्ती गावकरी यांच्यासह कुंकळ्ळीला गेले. कुंकळ्ळीच्या लोकांच्या मनात देवळांच्या विध्वंसाची जखम ताजी होती. त्यांनी हल्ला केला. पाचही येशूसंघीय व त्यांच्यासोबतचे अनेक जण ठार झाले. मृतदेह विहिरीत टाकण्यात आले. ते परत मिळवून राचोल येथे सन्मानाने दफन करण्याच्या कामी फादर स्टीफन्स पुढे होते. या पाच हुतात्म्यांना पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली धन्य घोषित केले.

गोष्ट येथेच संपली नाही. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावले आणि निःशस्त्र आलेल्या त्या माणसांना ठार केले. आज कुंकळ्ळीत त्या गावप्रमुखांचेही स्मारक आहे. एकाच गावाने दोन्ही बाजूंच्या मृतांची आठवण जपली आहे.

अशा भूमीत, स्वतःच्या सहकाऱ्यांची शरीरे मातीला दिल्यानंतर, तिशीतल्या स्टीफन्स यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक म्हणजे किल्ल्याच्या आश्रयाने, शिपायांच्या सोबतीने काम करणे. दुसरा म्हणजे लोकांच्या ओसरीवर बसून त्यांचे शब्द शिकणे. त्यांनी दुसरा मार्ग धरला.

आधी कान, मग वाणी

साष्टीतील घरांत कोकणी बोलली जात होती. शेतावर, बाजारात, बाळंतिणीच्या खोलीत आणि मृत्यूशय्येजवळ तीच भाषा. पण याच लोकांनी पोथी ऐकायची ती मराठीत ऐकायची, अशी जुनी रीत होती. ज्ञानदेवांपासून चालत आलेली ओवी त्यांच्या कानांत होती. पैठणचे संत एकनाथ हे तर स्टीफन्स यांचे समकालीनच. म्हणजे बोलण्याची भाषा एक आणि भक्तीची भाषा दुसरी, अशी ती स्थिती होती. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडील वाचकांना ही स्थिती मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही.

स्टीफन्स यांनी दोन्ही भाषा आत्मसात केल्या. १५८३ साली त्यांनी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण नोंदविले. हीच गोष्ट विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ साली मांडली आणि तिच्यातून तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला. त्याच्या दोनशे वर्षे आधी खेड्यात काम करणाऱ्या एका धर्मगुरूच्या कानाने हे साम्य टिपले होते, याचे आम्हाला विशेष वाटते. लोकांचे बोलणे मन लावून ऐकल्याखेरीज असे निरीक्षण साधत नाही.

कोकणीसाठी त्यांनी दोन पुस्तके तयार केली. एक धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी, जी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली. दुसरे कोकणी भाषेचे व्याकरण. त्याला फादर दियोगु रिबैरो व इतर सहकाऱ्यांनी भर घातली आणि ते १६४० साली राचोल येथे प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे छापून निघालेले हे पहिले व्याकरण मानले जाते. नव्याने येणाऱ्या धर्मगुरूने दुभाष्याच्या मदतीने पापनिवेदन ऐकू नये, लोकांची भाषा शिकून स्वतःच्या कानांनी ऐकावे, हा या व्याकरणाचा व्यावहारिक उपयोग होता.

पुराण हवे आहे

ख्रिस्तपुराणाचा जन्म धर्मग्रामाच्या एका साध्या गरजेतून झाला. ग्रंथातच तो प्रसंग आला आहे. साष्टीतील चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ धर्मगुरूंना विचारतो की प्रश्नोत्तरी तर उत्तम आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्ही वेळ घालवावा, मन रमवावे असे दुसरे पुराण आम्हाला का देत नाही?

या प्रश्नात मागणी आहे आणि तक्रारही आहे. ज्याची पोथी हिरावून घेतली, त्याच्या घरातील संध्याकाळ रिकामी झाली होती. ती रिकामी संध्याकाळ नियमांनी किंवा दंडाने भरून निघणार नव्हती. स्टीफन्स यांनी हा प्रश्न मनावर घेतला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या निर्मितीपासून तारणाऱ्याच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतचा जुन्या करारातील इतिहास आहे. दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण आहे. अध्यायांना त्यांनी अवस्वरू असे नाव दिले. पहिल्यात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरू आहेत. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला ते कचरले नाहीत. मराठीची थोरवी गाताना त्यांनी रत्ने, फुले, वृक्ष आणि पक्षी यांच्या उपमा योजल्या. त्यांतील मोगऱ्याचा सुगंध मराठी शाळांतील कित्येक पिढ्यांपर्यंत पोहोचला आहे.

परंतु आमच्या मते त्यांची खरी मेंढपाळाची दृष्टी ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत दिसते. ते सांगतात की दैवी विषय मांडण्यास मराठी ही भाषा योग्य वाटल्याने त्यांनी ती निवडली. पण शुद्ध मराठी साष्टीतील सामान्य माणसाला समजणार नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द त्यांनी बाजूला ठेवले आणि तेथील ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले. आपण विद्वान आहोत हे दाखविण्याची संधी त्यांच्या हाती होती. ती त्यांनी सोडली. पोथीचा मान राखला, पण पोथी समजलीही पाहिजे, याकडे लक्ष दिले.

टंकाविना छपाई

गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. मात्र तेथे छपाई होई ती रोमन लिपीत. आपले पुराण लोकांच्या स्वतःच्या लिपीत छापावे, अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी येशूसंघाचे महाधिपती फादर क्लॉडिओ आक्वाविवा यांना रोमला पत्र लिहून देशी लिपीचे टंक पाडण्याची परवानगी व साहाय्य मागितले. अक्षरांची रूपे शेकडो असली तरी ती दोनशेच्या आसपास आणता येतील, असा हिशेबही त्यांनी कळविला. क्लॉडिओ आक्वाविवा हे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या धन्य रुडॉल्फ यांचे काका. पुतण्याच्या दफनात ज्याने भाग घेतला, त्या माणसाने पंचवीस वर्षांनी काकांकडे काय मागितले? सैन्य नाही, संरक्षण नाही. अक्षरे मागितली.

ती अक्षरे आली नाहीत. १६१६ साली राचोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीतच. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पहिली आवृत्ती हाती आल्यानंतर तीन वर्षांनी, १६१९ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी फादर स्टीफन्स गोव्यातच देवाघरी गेले.

ग्रंथ लोकांनी वाचविला

रविवारी आणि सणांच्या दिवशी साष्टीतील चर्चांत पुराणवाचन होऊ लागले. पण राज्यकर्त्यांचे धोरण पालटले. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध आज्ञापत्रक काढले. लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि देशी भाषा सोडावी, असा त्याचा रोख होता. ज्या भाषेसाठी स्टीफन्स झटले, तिच्यावरच घाला आला. छापील ग्रंथाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग ख्रिस्तपुराण आपल्यापर्यंत आले कसे? ते सामान्य श्रद्धावंतांनी आणले. त्यांनी हाताने नकला केल्या. गोव्यातून दक्षिणेकडे मंगळूर भागात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या बरोबर नेल्या, घरी गायल्या आणि जपल्या. टिपू सुलतानाच्या कैदेत असताना या पुराणाने त्यांना धीर दिला, अशी त्यांच्यात परंपरा आहे. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडन येथील मार्सडेन संग्रहात देवनागरीत लिहिलेली प्रत अभ्यासकांच्या नजरेस आली. पुण्याच्या शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली संपूर्ण ख्रिस्तपुराण देवनागरीत प्रसिद्ध केले. स्टीफन्स यांनी १६०८ साली जे मागितले होते, ते मराठी वाचकाच्या हाती पडण्यास ३४८ वर्षे लागली. त्यानंतर येशूसंघाचे फादर कारिदाद द्रागो आणि सलेशियन संस्थेचे फादर नेल्सन फलकाव यांनीही ग्रंथाच्या आवृत्त्या सिद्ध केल्या.

हुकूम काढणाऱ्या व्हाइसरॉयचे नाव आज कितीजणांना ठाऊक आहे? ज्यांनी दिव्याच्या उजेडात ओव्या उतरवून घेतल्या त्यांची नावे तर कुणालाच ठाऊक नाहीत. पण ग्रंथ वाचला तो त्यांच्यामुळे.

आपल्या धर्मग्रामांसाठी

विदर्भातील धर्मसभेचा इतिहास निराळ्या वाटेने घडला. सव्हॉय प्रांतातील ॲन्सी येथील संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संस्थेचे धर्मगुरू १८४५ साली हिंदुस्थानात आले. विशाखापट्टणमपासून नागपूर-कामठीपर्यंतचा अफाट मुलूख त्यांनी सांभाळला. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि १९५३ साली तो महाधर्मप्रांत झाला. रेल्वेच्या रुळांबरोबर आणि शाळांबरोबर श्रद्धावंतांचे छोटे समूह पूर्वेकडे धानाच्या पट्ट्यापर्यंत पसरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून आपल्या भाषांत आली. स्टीफन्स यांनी जे एका प्रांतात, एका ग्रंथापुरते साधले, ते सार्वत्रिक धर्मसभेने साडेतीनशे वर्षांनंतर सर्वांसाठी खुले केले.

तरीही तिरोड्यासारख्या गावांपुढील प्रश्न संपलेला नाही. मिस्सेची मराठी किंवा हिंदी आजीला पूर्ण उमगते का? तिने पोवारीत किंवा झाडीबोलीत सांगितलेली नाताळची गोष्ट नातवंडांच्या स्मरणात राहील का? गोंडी बोलणारा माणूस प्रार्थनेसाठी आला, तर त्याला स्वतःच्या भाषेतला एक तरी शब्द आपल्याकडे ऐकू येईल का? मोठ्या शहरातील पुस्तके या प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाहीत. ती त्या त्या धर्मग्रामालाच शोधावी लागतात.

फादर स्टीफन्स यांच्या चरित्रातून आम्हाला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. धर्मगुरूंनी बोलण्याआधी ऐकावे. धर्मशिक्षकांनी अवघड शब्दांचा मोह टाळावा, पण भाषेचा मान कमी करू नये. आणि आपण प्रापंचिकांनी, ज्यांच्या घरात अजून जुन्या बोलीतील गाणी, प्रार्थना व कथा आहेत, त्या एका वहीत उतरवून ठेवाव्यात. राज्यकर्त्यांची आज्ञापत्रके आणि छापखाने दोन्ही मागे पडल्यावर ख्रिस्तपुराण टिकले ते अशाच वह्यांमधून. जिथे अशी एक वही आहे, तिथल्या धर्मग्रामाचा इतिहास लिहिण्यास सुरुवात झाली आहे असे समजावे.

फादर थॉमस स्टीफन्स यांना ख्रिस्ताच्या सान्निध्यात चिरशांती लाभो आणि आपल्या घराघरांत शुभवर्तमान आपल्याच बोलीत नांदो, हीच प्रार्थना.